सार्वजनिक वाचनालयातली ई-पुस्तकं: रांगा, कार्डं आणि आपली मराठी पुस्तकं

पेठभाग (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला आई टॅबलेट हातात धरून माझ्या खोलीत आली. "अगं, माझं पुस्तक गेलं कुठं? चाळीसच पानं राहिली होती." बघितलं तर २१ दिवस भरले होते आणि लायब्ररीचं ई-पुस्तक आपणहून परत गेलं होतं. पुन्हा मागायला गेलो तर आमच्यापुढे ४१ जण.

आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली आहे. शाळेत इंग्रजी शिकवायची, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आयुष्यभर वाचनालयातून पुस्तकं आणून वाचली. पुस्तक परत द्यायला उशीर झाला की दंड भरायचा, ग्रंथपालांना "शेवटची पानं राहिली होती हो" म्हणायचं आणि तेच पुस्तक पुन्हा नावावर घालून आणायचं. इथे दंडही नाही आणि सांगायला समोर माणूसही नाही. तिनं मला विचारलं ते जसंच्या तसं लिहिते: "कागदाचं पुस्तक एकाच्या घरी असेल तर दुसऱ्याला मिळत नाही, हे कळतं. संगणकातल्या पुस्तकाला रांग कशाला?"

मला नीट उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी सांगावं म्हणून हा धागा.

ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही त्यांच्यासाठी माझा अनुभव. गावच्या लायब्ररीचं कार्ड काढा, फोनवर किंवा टॅबलेटवर लिबी नावाचं ऍप घ्या, कार्डाचा नंबर आणि पिन घाला. एवढंच. पैसे लागत नाहीत. एका ऍपमध्ये कितीही लायब्ररींची कार्डं जोडता येतात आणि हे फार उपयोगी आहे. माझं स्वतःचं अलमेडा काउंटीचं कार्ड आहे. सॅन फ्रान्सिस्कोची लायब्ररी कॅलिफोर्नियात राहणाऱ्या कुणालाही कार्ड देते, म्हणून एका शनिवारी बार्ट रेल्वेने जाऊन तेही काढून आणलं. एकीकडे चार महिन्यांची रांग असलेलं पुस्तक दुसरीकडे दहा दिवसांत मिळालं, असं मला तीनदा झालं आहे.

आईच्या डाव्या डोळ्याला आता बारीक छपाई दिसत नाही. टॅबलेटवर अक्षर वाढवून वाढवून एका ओळीत पाच-सहाच शब्द बसतील एवढं तिनं मोठं केलंय. दर अर्ध्या मिनिटाला पान उलटते, पण वाचते. दोन वर्षं तिचं वाचन जवळजवळ बंद होतं. त्यामुळे ही सोय माझ्यासाठी नुसती सोय नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि तो मला जास्त छळतो. आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "यात मराठी आहे का?" भाषेच्या यादीत जाऊन शोधलं. थोडी ऑडिओबुकं, काही लहान मुलांची पुस्तकं. बस. आमच्या गावात दर गणपतीला हॉल पुरत नाही एवढी मराठी माणसं आहेत. मग लायब्ररीत मराठी का नाही?

मुळामुठा

धागा काढल्याबद्दल आभार. आईंना सांगा, मुदत संपायच्या तीन दिवस आधीपासून ऍपमध्ये रिन्यू करता येतं, मागे कुणी रांगेत नसेल तर. रांग असेल तर तिथूनच पुन्हा होल्ड टाकता येतो (रांगेत नाव लावता येतं), म्हणजे रांगेत तेवढ्या आधीपासून नंबर लागतो.

कपाट_क्रमांक_८ (ओहायो)

मी इथल्या एका सार्वजनिक वाचनालयात पुस्तक खरेदीच्या विभागात काम करते, त्यामुळे आईंच्या प्रश्नाचं उत्तर मला रोजच द्यावं लागतं. सविस्तर लिहिते.

कागदी पुस्तक आम्ही विकत घेतलं की ते आमचं. बांधणी सुटेपर्यंत शंभर वेळा द्या, कुणाची परवानगी लागत नाही. ई-पुस्तक आम्ही विकत घेत नाही, त्याचा परवाना घेतो. बहुतेक मोठ्या प्रकाशकांची अट अशी की एक परवाना म्हणजे एका वेळी एकच वाचक. म्हणजे कागदाची मर्यादा मुद्दाम फाईलला लावलेली आहे. रांग तिथून येते.

पण कागदाचा फायदा मात्र दिलेला नाही. २०११ मध्ये हार्परकॉलिन्सने ठरवलं की त्यांचं ई-पुस्तक २६ वेळा दिलं की परवाना संपला, पुन्हा पैसे भरा. तेव्हा वाचनालयांमध्ये केवढा गदारोळ झाला होता. पेंग्विन रँडम हाऊसकडून आधी कायमचा परवाना मिळायचा, तो २०१८ च्या ऑक्टोबरपासून दोन वर्षांचा झाला. हॅशेटने २०१९ मध्ये तेच केलं. नव्या गाजलेल्या पुस्तकाच्या अशा दोन वर्षांच्या एका प्रतीला आम्ही साधारण ५५-६० डॉलर मोजतो. तुम्ही तेच ई-पुस्तक स्वतःसाठी घेतलंत तर बहुधा १५ डॉलरच्या आत मिळेल आणि त्याला मुदत नसेल.

मॅकमिलनने तर २०१९ च्या नोव्हेंबरात नियम आणला की नवं पुस्तक आलं की पहिले आठ आठवडे लायब्ररीला एकच प्रत. शहर केवढंही असो, प्रत एक. अनेक वाचनालयांनी त्यांची ई-पुस्तकं घेणं थांबवलं. मार्च २०२० मध्ये तो नियम मागे घेतला गेला. तोवर महामारी येऊन ठेपली होती, वाचनालयांची दारं बंद झाली होती आणि लोकांना ई-पुस्तकांशिवाय दुसरा मार्गच उरला नव्हता.

आता एक गोष्ट मनापासून सांगते, कारण बहुतेकांना ती माहीत नसते. होल्ड टाकताना संकोच करू नका. "एवढी रांग आहे, कशाला उगाच" म्हणून लोक सोडून देतात. आम्ही दर आठवड्याला होल्डची यादी बघतो. एका प्रतीमागे ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसं झाली की दुसरी प्रत घेतो. तुमचा होल्ड दिसला नाही तर मागणी आहे हे आम्हाला कळणार कसं?

मराठीबद्दलही तेच, पण त्यावर वेगळं लिहिते. आत्ता डेस्कवर जायची वेळ झाली.

गारठा (टोरांटो)

कपाट_क्रमांक_८, खूप छान समजावलंत. "परवाना" शब्दाने सगळं लख्ख झालं.

आमच्याकडची एक आठवण. २०२३ च्या ऑक्टोबरच्या शेवटी टोरांटो पब्लिक लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. संगणक बंद, खाती बंद. शाखा उघड्या होत्या, पण परत आलेली पुस्तकं नोंदवता येईनात, म्हणून ती ट्रेलरमध्ये भरून ठेवली. जवळजवळ दहा लाख पुस्तकं अशी अडकली होती. कित्येक महिने गेले सगळं मार्गी लागायला. त्या काळात लिबी मात्र चालू होतं, कारण ते लायब्ररीच्या स्वतःच्या यंत्रणेवर नाही. मी तो सगळा हिवाळा ई-पुस्तकांवर काढला.

आणि तरी त्या ट्रेलरांचे फोटो बघून पोटात कालवलं होतं. मला दोन्ही हवं आहे, कागद आणि ई.

पेठभाग

कपाट_क्रमांक_८, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखंच झालं की."

सांगलीबाहेरच्यांसाठी सांगते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर आई तिथे गेली होती. फुगून एकमेकांना चिकटलेली पुस्तकं बाहेर काढून ठेवली होती, त्यातल्या काहींच्या पाठीवरचे नंबर अजून वाचता येत होते. त्यातलं एखादं आपण वाचलेलं असेल, म्हणून ती वाकून वाकून नंबर बघत होती. ते सांगताना अजून तिचा आवाज बदलतो.

ई-पुस्तकाला पुराची भीती नाही, असं मी तिला मोठ्या उत्साहानं सांगितलं होतं. आणि आता कळतंय की दोन वर्षं झाली की लायब्ररीच्या कपाटातून पुस्तक जातं, पूर न येताच.

रात्रपाळी

अर्धवट राहिलेल्या पुस्तकावर उपाय. किंडलवर (ऍमेझॉनच्या वाचनयंत्रावर) घेतलं असेल तर मुदत संपायच्या आधी विमान मोड चालू करायचा. वायफाय लागत नाही तोवर पुस्तक किंडलमध्ये राहतं.

खडूफळा (नांदेड जिल्हा)

रात्रपाळी, हे बरोबर वाटत नाही. मागे ४१ जण आहेत म्हणताय ना? आपण अडवून ठेवलं तर ते थांबणार.

कपाट_क्रमांक_८

खडूफळा, तुमची भावना अगदी योग्य आहे, पण तसं होत नाही. मुदत संपली की परवाना आमच्या बाजूला मोकळा होतो आणि पुढच्या माणसाला जातो, तुमच्या किंडलवर फाईल दिसत असली तरी. मागच्याचा खोळंबा होत नाही. तरी मी स्वतः ते करत नाही. एकवीस दिवसांत होणार नसेल तर लवकर परत करून पुन्हा रांगेत उभी राहते.

ज्यानं खरंच मागच्या लोकांचा फायदा होतो ते सांगते: वाचून झालं की लगेच "रिटर्न" दाबा. बरेच जण चार दिवसांत पुस्तक संपवतात आणि उरलेले १७ दिवस ते तसंच पडून राहतं. ४१ जणांच्या रांगेत प्रत्येकानं आठवडा वाचवला तर किती महिने वाचले बघा. आणि होल्ड तुमच्यापर्यंत आला पण आत्ता वेळ नसेल तर "नंतर द्या" हा पर्याय घ्या. तुमचा नंबर पुढेच राहतो, प्रत तेवढ्यात मागच्याला मिळते. होल्ड आला की ठरवायला तीन दिवस असतात.

किंडलबद्दल आणखी एक: लिबीमधलं पुस्तक किंडलवर पाठवणं फक्त अमेरिकेतल्या लायब्ररींना शक्य आहे. बाकी देशांत वाचनयंत्र हवं असेल तर कोबो बघा. त्यात लायब्ररीचं कार्ड थेट जोडता येतं.

टेम्स_ते_तापी (लंडनजवळ)

इथे आमच्या कौन्सिलच्या लायब्ररीत बॉरोबॉक्स नावाचं ऍप आहे, बाजूच्या कौन्सिलकडे लिबी. दोन्हीकडे कार्ड काढलं आहे.

या चर्चेत लेखक कुठे आला नाही म्हणून लिहितो. ब्रिटनमध्ये पुस्तक लायब्ररीतून नेलं की लेखकाला सरकारकडून दर वाचनामागे काही पेन्स मिळतात. त्याला पब्लिक लेंडिंग राइट (पीएलआर) म्हणतात. वर्षाला एका लेखकाला जास्तीत जास्त ६,६०० पौंड, म्हणजे गाजलेल्या लेखकांनीच सगळा निधी नेला असं होत नाही. आधी घरबसल्या घेतलेली ई-पुस्तकं आणि ऑडिओबुकं यात धरत नसत, जुलै २०१८ पासून त्यांनाही हे लागू झालं. माझी शेजारीण लहान मुलांसाठी लिहिते. फेब्रुवारीत तिचं पीएलआर आलं की ती फार खूश असते. रक्कम मोठी नसते, पण "एवढ्या मुलांनी नेलं" हा आकडा तिला हवा असतो.

लायब्ररीतून फुकट वाचलं की लेखकाचं नुकसान होतं, हे मला त्यामुळे कधीच पटलेलं नाही.

खडूफळा

सगळं वाचून आनंद होतोय आणि थोडं वाईटही वाटतंय. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमच्या गावात "ड" वर्गाचं वाचनालय आहे. एक खोली, दोन लोखंडी कपाटं, रोजची तीन वर्तमानपत्रं. चालवणारे काका संध्याकाळी दोन तास कुलूप उघडतात, स्वतःच्या खिशातून बल्ब आणतात. नवी पुस्तकं क्वचित येतात. पण प्रत्येक घरात एक तरी स्मार्टफोन आहे. आमच्या मुलांना हे कार्ड, हा होल्ड कधी मिळणार? महाराष्ट्रात असं काही आहे का?

छापखाना (पुणे)

खडूफळा सर, आधी आपल्या व्यवस्थेबद्दल थोडं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार वाचनालयांना मान्यता मिळते आणि अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे शासनाचं अनुदान मिळतं. वाचनालयं चालवतात त्या गावोगावच्या संस्था. आपल्या कायद्यात ग्रंथालय कर नाही. शेजारच्या कर्नाटकात तो आहे. अमेरिकेत बहुतेक वाचनालयं स्थानिक मालमत्ता करातून चालतात. त्यामुळे आपल्याकडे सगळा भार अनुदानावर आणि तुमच्या त्या काकांसारख्या माणसांवर.

मी लहान प्रकाशक आहे, आणि मराठी ई-पुस्तकं लायब्ररीत का नाहीत याचं निम्मं उत्तर माझ्यासारख्यांकडे आहे. प्रामाणिकपणे सांगतो. आमच्या एका पुस्तकाची पीडीएफ बाहेर गेली आणि आठवड्याच्या आत ती मलाच व्हॉट्सऍपवर आली, "अवश्य वाचा" असं लिहून. पाठवणारे माझे ओळखीचे, सज्जन गृहस्थ. त्यांना आपण काही चुकीचं करतोय असं वाटलंच नाही. मराठीत पहिली आवृत्ती बहुतेकदा ५०० ते १००० प्रतींची. त्यातून मुद्रितशोधक, चित्रकार, कागद यांचे पैसे निघायचे असतात. त्या दिवसापासून मी ई-पुस्तक या शब्दालाच घाबरतो.

टेम्स_ते_तापी

छापखाना, तुमचं दुःख कळतं. पण लायब्ररीतलं ई-पुस्तक म्हणजे ती पीडीएफ नव्हे. ते पुढे पाठवता येत नाही, मुदतीला बंद होतं, आणि प्रत्येक परवान्याचे पैसे प्रकाशकाला मिळतात. वाचकाला सोप्या रस्त्यानं, कायदेशीर, मोफत पुस्तक मिळालं तर तो फॉरवर्डच्या वाटेला कमी जाईल असं मला वाटतं.

छापखाना

तुमची पोस्ट दोनदा वाचली. हे मला असं कुणी सांगितलं नव्हतं.

मग माझी मागणी अशी: शासनमान्य ग्रंथांच्या यादीतून वाचनालयं आमच्या कागदी प्रती घेतात, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडूनही खरेदी होते. मराठी प्रकाशन त्या खरेदीवर बरंचसं तगून आहे. त्याच पद्धतीनं ई-प्रती घ्या. शंभर परवाने घ्या, शंभर परवान्यांचे पैसे द्या, राज्यातल्या कुठल्याही वाचनालयाच्या सभासदाला त्या रांगेत उभं राहू द्या. मी माझी सगळी यादी द्यायला तयार आहे, आणि २६ वेळांची अटही घालणार नाही.

बेळगावी_कुंदा

आमच्याकडे कर्नाटक सरकारचं डिजिटल सार्वजनिक ग्रंथालय २०२० मध्ये सुरू झालं आहे. मोबाइलवर ऍप, नोंदणी मोफत. माझी भाची लॉकडाऊनमध्ये त्यावरून कन्नड आणि इंग्रजी वाचायची. मराठीसाठी आम्हाला पुन्हा महाराष्ट्राकडेच बघावं लागतं. शेजारी राज्य करू शकतं तर महाराष्ट्र का नाही?

मुळामुठा

खडूफळा सर, ते होईल तेव्हा होईल, आज तुमच्या वर्गाला काय मिळेल ते सांगतो.

नॅशनल बुक ट्रस्टचं राष्ट्रीय ई-पुस्तकालय हे ऍप आहे, मुलांसाठीच, वयोगटाप्रमाणे पुस्तकं लावलेली, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. मोफत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रगोष्टी भरपूर आहेत, पातळीनुसार. त्या खुल्या परवान्याच्या असल्यामुळे उतरवून घ्या, छापा, वर्गात वाटा, कुणाची हरकत नाही. नेट नसलेल्या शाळांसाठी हे सगळ्यात कामाचं.

मोठ्यांसाठी: महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत आहेत. त्यात असे ग्रंथ आहेत जे दुकानात शोधून सापडत नाहीत. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे. ठाणे मराठी ग्रंथसंग्रहालयानं दुर्मिळ पुस्तकं स्कॅन करून ठेवली आहेत. आणि भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन मुक्त आहे. ते फॉरवर्ड करताना छापखान्यांना दुखवायची भीती नाही.

मांडवी (पणजी)

गोव्याचं मध्यवर्ती ग्रंथालय, कृष्णदास शामा ग्रंथालय, १८३२ पासूनचं. तिथे जुनी मराठी आणि पोर्तुगीज वर्तमानपत्रं डिजिटल स्वरूपात बघायला मिळतात. कधी पणजीत पाटो भागात आलात तर जरूर जा.

जुनी_पानं

एक विचारायचं आहे. इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयातून मी पूर्वी १४ दिवसांसाठी पुस्तकं घ्यायचे. आता पुष्कळ पुस्तकांवर "उपलब्ध नाही" येतं. काय झालं?

कपाट_क्रमांक_८

त्यांची पद्धत अशी होती की स्वतःकडच्या किंवा सहभागी वाचनालयाच्या कागदी पुस्तकाचं स्कॅन करायचं आणि एका प्रतीमागे एकच वाचक, याप्रमाणे द्यायचं. प्रकाशकांचा परवाना न घेता. २०२० च्या मार्चमध्ये वाचनालयं बंद पडली तेव्हा त्यांनी रांगाच काढून टाकल्या, कितीही लोकांना एका वेळी पुस्तक मिळू लागलं. जूनमध्ये चार मोठ्या प्रकाशकांनी खटला भरला. २०२३ मध्ये निकाल विरुद्ध गेला, सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही हरले. पाच लाखांच्या आसपास पुस्तकं त्या देवघेवीतून काढावी लागली. हक्क संपलेली जुनी पुस्तकं अजून आहेत, त्यात जुनं मराठीही पुष्कळ आहे.

युरोपात उलट झालं. २०१६ च्या नोव्हेंबरात युरोपीय संघाच्या न्यायालयानं डच वाचनालयांच्या खटल्यात सांगितलं की एक प्रत, एक वाचक या अटीवर ई-पुस्तक देणं हे कागदी पुस्तक देण्यासारखंच धरता येईल. अमेरिकेत मेरीलँड राज्यानं २०२१ मध्ये कायदा केला की प्रकाशकांनी वाचनालयांना वाजवी अटींवर ई-पुस्तकं द्यावीत. तो न्यायालयात टिकला नाही.

आता राहिलेला मराठीचा प्रश्न. पेठभाग, तुम्ही लिहिलंत की गणपतीला हॉल पुरत नाही. मी विचारते, त्या हॉलमधल्या किती जणांनी लायब्ररीला सांगितलं की आम्हाला मराठी हवं आहे? आमच्याकडे चिनी, स्पॅनिश, रशियन पुस्तकं येतात कारण ते वाचक मागतात, पुन्हा पुन्हा मागतात. आमच्या लायब्ररीत मी एकटी मराठी. मी स्वतःच्या आवडीनं खरेदी करू शकत नाही, मला मागणी दाखवावी लागते.

लिबीमध्ये शोधताना "डीप सर्च" दाबा. लायब्ररीकडे नसलेली पण घेता येण्यासारखी पुस्तकं दिसतात. त्यावर "मला कळवा" हा घंटेचा टॅग लावा. किती जणांनी लावला तो आकडा आमच्यापर्यंत येतो. त्याशिवाय बहुतेक लायब्ररींच्या संकेतस्थळावर "हे पुस्तक घ्या" असा अर्ज असतो. तो भरा, भाषा मराठी असं स्पष्ट लिहा.

दुसरी बाजू छापखाना यांनी सांगितली तीच. मागणी आली तरी लायब्ररींना ई-पुस्तकं पुरवणाऱ्या वितरकाच्या यादीत मराठी पुस्तक हवं ना. आज त्यात ऑडिओबुकं बरी आहेत, वाचायची पुस्तकं फार कमी. प्रकाशकांनी यादीत यायला हवं आणि वाचकांनी घंटा वाजवायला हवी.

गारठा

लायब्ररीच्या कार्डावर चालणाऱ्या हूप्ला या दुसऱ्या ऍपचा उल्लेख कुणी केला नाही. त्यात रांगच नसते, लगेच मिळतं.

कपाट_क्रमांक_८

हो, पण तिथे दर वाचनाला लायब्ररी पैसे मोजते. म्हणून महिन्याला ठरावीकच पुस्तकं घेता येतात. लोकांचा वापर वाढला की बिल वाढतं, आणि काही लायब्ररींना ती सेवा बंद करावी लागली. २०२५ च्या वसंतात केंद्रीय निधीचा गोंधळ झाला तेव्हा मिसिसिपी राज्यानं ती थांबवली होती. जे मोफत दिसतं त्याचं बिल कुणीतरी भरतं, आणि ते तुमच्या गावाच्या करातून येतं. म्हणून स्थानिक निवडणुकीत लायब्ररीच्या कराचा ठराव असेल तर मत द्यायला जा, एवढी विनंती. मासिकांना मात्र लिबीमध्ये रांग नाही, हवी तेवढी घ्या.

आजीची_गोधडी

पेठभाग, आई परत गेल्यावर त्यांचं कसं? माझ्या सासूबाईंची डिसेंबरात परतीची फ्लाइट आहे आणि त्या आत्तापासून विचारत आहेत.

पेठभाग

लिबी भारतातही चालतं, मी मागच्या दिवाळीत सांगलीत माझ्या फोनवर वाचत होते. कार्डाची मुदत असेपर्यंत अडचण येत नाही. कार्ड राहणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे आई माझ्याच कार्डावर वाचेल आणि मी माझे होल्ड कमी ठेवीन. खोटा पत्ता देऊन कार्ड काढू नका, एवढं मात्र सांगावंसं वाटतं. वर कपाट_क्रमांक_८ यांनी लिहिलंय की एकेका प्रतीला किती पैसे पडतात.

बाकी, काल लायब्ररीत जाऊन आले. आईलाही नेलं. डेस्कवरच्या बाईंना विचारलं, मराठी पुस्तकं मागवायला काय करावं लागेल. त्यांनी अर्ज दाखवला आणि विचारलं, "तुमच्या भाषेचे किती वाचक असतील?" मी अंदाज सांगायला लागले तर आईनं मला थांबवलं आणि त्यांना सांगितलं, "मी एक. बाकीचे पुढच्या आठवड्यात येतील."

म्हणून हे लिहिते आहे. अलमेडा आणि सांता क्लारा काउंटीत राहणाऱ्यांनी कृपया या आठवड्यात तीन पुस्तकांवर तरी घंटा लावा आणि एक अर्ज भरा. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सऍप गटावर पाठवायला मी छोटी टीप करते आहे, कुठे दाबायचं त्याच्या चित्रांसह. ज्यांना ऍप जमत नाही त्यांच्या घरी शनिवारी दुपारी आई आणि मी येऊ.

आणि छापखाना, तुम्हाला विचारपूस (इथली निरोपांची सोय) मधून निरोप पाठवला आहे. कपाट_क्रमांक_८ वितरकाच्या यादीत पुस्तक कसं द्यायचं ते समजावून सांगायला तयार आहेत.

छापखाना

निरोप मिळाला. सुरुवातीला बारा पुस्तकं काढून ठेवली आहेत. त्यातली दोन बालसाहित्याची, ती खडूफळा सरांच्या शाळेला कागदी प्रतींतही पाठवतो. सर, पत्ता विचारपूसमध्ये द्या.

खडूफळा

दिला. काकांना सांगितलंय, कपाटात जागा करून ठेवतील.

पेठभाग

आईचा नंबर आज ३३ वर आला.